पंधरा मैलांची नदी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम टोकाला पॅलिसेड नावाचे लहानसे गाव आहे. पीचच्या बागांसाठी ते ओळखले जाते. या बागा जगतात त्या कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर. गावाच्या वर, डोंगराच्या अरुंद खिंडीत, १९१६ साली पूर्ण झालेला दरवाजांचा बंधारा आहे आणि त्याच्या खाली त्याहून जुन्या एका सिंचन कंपनीचा दुसरा. दोन्ही ठिकाणी कालव्यांनी आपापले पाणी उचलले की जे उरते तेवढेच पात्रात पुढे जाते. तिथून १५ मैलांवर, म्हणजे २४ किलोमीटरवर, ग्रँड जंक्शन शहरात गनिसन नदी येऊन मिळते आणि पात्र पुन्हा भरते. मधल्या या तुकड्याला सरकारी कागदपत्रांत 'पंधरा मैलांचा पट्टा' असेच नाव पडले आहे.

उन्हाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, इथल्या कालव्यांचे एकत्रित हक्क दोन हजार क्युसेकच्या घरात असतात. नदीत तेव्हा जेमतेम तेवढेच, कधी त्याहून थोडे जास्त पाणी असते. खडकवासला-उजनीच्या विसर्गाचे आकडे पावसाळाभर वर्तमानपत्रांत वाचणाऱ्या आपल्या वाचकाला क्युसेक समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की आपल्या नद्यांना पूर येतो पावसाने आणि तिथल्या नदीला बर्फाने. मे-जूनमध्ये रॉकी पर्वतावरचे बर्फ वितळते तेव्हा नदी दुथडी भरून वाहते, आणि जुलै उलटला की झपाट्याने ओसरते.

पाणी कमी पडण्याचे मूळ या पट्ट्यापासून बरेच दूर, डोंगरमाथ्यावर आहे. रॉकी पर्वताची धार या राज्याला उभी दुभागते. पाऊस आणि बर्फ मिळून जे पाणी पडते त्यातले सुमारे ८० टक्के धारेच्या पश्चिमेला पडते. माणसे मात्र पूर्वेच्या पायथ्याला राहतात: डेन्व्हर, बोल्डर, फोर्ट कॉलिन्स. मग शहरांनी डोंगर फोडले. रेल्वेच्या बोगद्याशेजारी खोदलेल्या मोफॅट बोगद्यातून १९३६ साली डेन्व्हरला पाणी गेले. १९४७ साली २१ किलोमीटर लांबीचा ॲडम्स बोगदा वाहू लागला आणि पुढे साठच्या दशकात डिलन जलाशयातून निघणारा ३७ किलोमीटरचा रॉबर्ट्स बोगदा. आज कोलोरॅडोच्या उगमाकडचे वीस टीएमसीच्या आसपास पाणी दर वर्षी डोंगराखालून पलीकडे जाते. ते पुन्हा या खोऱ्यात येत नाही.

या राज्यातला पाण्याचा कायदा सोपा आणि कठोर आहे: ज्याने आधी पाणी उचलून वापरले त्याचा हक्क आधी. पॅलिसेडच्या शेतकऱ्यांचे हक्क १८८० च्या दशकापासूनचे, म्हणजे बहुतेक बोगद्यांपेक्षा जुने. पाणी कमी झाले की शेतकरी आपला हक्क मागतात, आणि वरच्या शहरांना त्यांच्या वाट्याचे पाणी नदीत सोडून द्यावे लागते. कायद्याचा हा धाक पॅलिसेडच्या दरवाजांपर्यंत पुरतो. दरवाजांच्या पुढच्या पंधरा मैलांच्या वतीने पाणी मागणारा कितीतरी वर्षे कुणी नव्हता.

तिथे राहणारा मासा मात्र कुठल्याही कालव्यापेक्षा जुना रहिवासी. कोलोरॅडो पाइकमिनो हा रोहू, कटला आणि आपला महसीर ज्या गणातले त्याच गणातला. पण या गणात शिकार करून जगणारे मासे कमी, आणि हा मात्र पक्का शिकारी. पूर्वी तो १.८ मीटर लांब आणि ३६ किलो वजनाचा होत असे. जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात, कल्ल्यांच्या मागच्या हाडावर. भक्ष्य गिळताना ते तिथे पकडले आणि चिरडले जाते. चाळीस वर्षांहून अधिक जगू शकतो. विणीच्या काळात तीनशे किलोमीटरपर्यंत प्रवास करून ठराविक जागी जातो. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी त्याला पांढरा सामन म्हटले आणि आवडीने खाल्ले.

या माशाला नदी कशी हवी, ते त्याच्या अंड्यांच्या गरजेवरून कळते. पूर ओसरून पाणी तापू लागले की मादी गोट्यांच्या उथळ थरावर अंडी घालते. ती गोट्यांच्या फटींत उतरतात. फटींत गाळ साचलेला असेल तर अंडी आत जात नाहीत, गेली तरी त्यांना प्राणवायू मिळत नाही. फटी मोकळ्या होतात त्या मे-जूनच्या पुराने, जेव्हा पाणी गोटे हलवण्याइतके जोरात वाहते. अंडी फुटून काही दिवसांत जिरे, म्हणजे इवली पिल्ले, वर येतात आणि प्रवाहाबरोबर वाहत खाली, युटा राज्यातल्या संथ, कोमट डबक्यांत पोहोचतात. म्हणजे एकाच माशाला वसंतात जोरदार पूर हवा, उन्हाळ्यात पुरेसा वाहता झोत हवा आणि शेकडो किलोमीटर मोकळी वाट हवी. धरणे पुराचे शिखर कापून साठवतात, कालवे उन्हाळी झोत उचलतात आणि बंधारे वाट अडवतात. तिन्ही गोष्टी एकदम.

त्याच्याबरोबर आणखी तीन मासे संकटात आले. रेझरबॅक सकर, ज्याच्या डोक्यामागे पाठीवर धारदार उंचवटा असतो. हम्पबॅक चब, ज्याचे शास्त्रीय वर्णन १९४६ सालापर्यंत झालेही नव्हते. आणि बोनीटेल, चौघांत सर्वांत दुर्मीळ. हे चौघेही फक्त याच खोऱ्यात आढळतात.

सरकारला त्यांची पर्वा कधीपासून वाटू लागली याचा इतिहास वाचला की मन अस्वस्थ होते. सप्टेंबर १९६२ मध्ये, ग्रीन या कोलोरॅडोच्या मुख्य उपनदीवर फ्लेमिंग गॉर्ज धरण भरायच्या आधी, शासनाच्या मत्स्य विभागांनी ग्रीन आणि तिच्या उपनद्यांच्या सुमारे ४५० मैल लांबीच्या पात्रात रोटेनोन हे विष ओतले. जलाशयात ट्राउट सोडायचे होते, गळ टाकून मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांसाठी. मूळचे मासे त्यात 'टाकाऊ' ठरले. खालच्या बाजूला विष निष्प्रभ करण्यासाठी परमँगनेट टाकण्याची योजना होती. ती पुरी पडली नाही, आणि डायनासोर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीतही मासे मेले. पाच वर्षांनी, १९६७ साली, पाइकमिनो आणि हम्पबॅक चब यांची नावे संकटग्रस्त जातींच्या पहिल्या केंद्रीय यादीत आली.

१९७३ साली संकटग्रस्त जीवांचा कायदा झाला आणि चित्र पालटले. ज्या प्रकल्पाला केंद्र सरकारची परवानगी, पैसा किंवा जमीन लागते, त्याने एखाद्या जातीचे अस्तित्व धोक्यात येत नाही ना हे आधी तपासणे बंधनकारक झाले. कायदा किती धारदार आहे हे १९७८ मध्ये दिसले. टेनेसी राज्यातले जवळजवळ पूर्ण झालेले टेलिको धरण सर्वोच्च न्यायालयाने स्नेल डार्टर या बोटभर माशासाठी थांबवले. पुढच्याच वर्षी संसदेने त्या धरणाला खास सूट देऊन ते भरू दिले. दोन्ही बाजूंनी यातून धडा घेतला. पाणीवाल्यांना कळले की एक मासा कोट्यवधींचा प्रकल्प अडवू शकतो. मासेवाल्यांना कळले की कायदा फार ताणला तर संसद तो मोडू शकते.

कोलोरॅडोत ही वेळ विंडी गॅप प्रकल्पाने आणली. बोल्डर, लाँगमाँट, लव्हलँड, ग्रीली, फोर्ट कॉलिन्स आणि एस्टेस पार्क या सहा नगरांनी मिळून वर्षाला सरासरी ४८,००० एकरफूट, म्हणजे दोन टीएमसीपेक्षा किंचित जास्त, पाणी उगमाजवळ अडवून डोंगरापलीकडे नेण्याचे ठरवले होते. १९८१ साली केंद्रीय वन्यजीव विभागाने मत दिले: या उपशाने खाली मासे धोक्यात येतील, पण नगरांनी संशोधन आणि अधिवास सुधारणेसाठी पैसे दिले तर प्रकल्प पुढे जाऊ शकेल. तो पुढे गेला आणि १९८५ साली पूर्ण झाला.

मला हा निर्णय तेव्हापुरता व्यवहार्य आणि तत्त्वतः कच्चा वाटतो. पैशाने नदीत पाणी येत नाही. शिवाय प्रत्येक गाव आपापला वकील घेऊन स्वतंत्रपणे वाटाघाटी करू लागले तर नदीचा विचार करायला कुणीच उरत नाही. हे सगळ्यांनाच दिसत होते. जानेवारी १९८८ मध्ये कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या तीन राज्यांचे राज्यपाल आणि केंद्र सरकार यांनी करार केला आणि चार माशांसाठी एक सामाईक पुनरुज्जीवन कार्यक्रम सुरू झाला. पाणी वापरणाऱ्यांच्या संघटना आणि पर्यावरण संस्था एकाच टेबलाशी बसल्या. नव्या प्रकल्पाने आपला माशांवरचा परिणाम एकट्याने भरून काढायचा नाही, तर कार्यक्रमात हिस्सा टाकायचा, अशी ही योजना होती. मोठ्या नव्या उपशावर सुरुवातीला एकरफुटामागे १० डॉलर एकदाच आकारले गेले. कार्यक्रमाची कामे नीट चालू आहेत तोवर सर्वांच्या परवानग्या शाबूत, ती रखडली तर सर्वांच्याच धोक्यात. ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्यामुळे डेन्व्हरच्या पाणी खात्याला पॅलिसेडच्या माशाची काळजी करणे भाग पडले.

मग प्रश्न आला तो प्रत्यक्ष पाण्याचा. जीवशास्त्रज्ञांनी पंधरा मैलांच्या पट्ट्यासाठी उन्हाळ्याचे आकडे दिले: चांगल्या वर्षी १,६३० क्युसेक, मध्यम वर्षी १,२४०, दुष्काळी वर्षी ८१०. हे पाणी आणायचे कुठून?

सर्वांत समाधानकारक उत्तर कालव्यात सापडले. १९१६ च्या बंधाऱ्यातून निघणारा सरकारी हायलाइन कालवा लांबलचक आहे आणि त्याच्या काठाने शेकडो चाऱ्यांची तोंडे आहेत. चारीत पाणी शिरायचे तर कालव्याची पातळी तोंडाच्या वर हवी. कालव्यात अडवायला फारसे काही नसल्याने पातळी उंच ठेवण्याचा एकच उपाय होता: गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी सोडायचे. शेतकऱ्यांना हवे तेवढे ते घेत आणि उरलेले टेलला जाऊन ओढ्या-नाल्यांतून नदीत परत पडे, पण पंधरा मैलांच्या पट्ट्याच्या बरेच खाली. पाणी वाया जात नव्हते असे कुणी म्हणू शकेल, शेवटी ते नदीतच येत होते. पण जिथे मासा होता ती जागा वगळून.

२००० नंतर या कालव्यात ठिकठिकाणी आडवे दरवाजे बसवले, आपल्याकडे पाटबंधारे खात्यात क्रॉस रेग्युलेटर म्हणतात ते. दरवाजा खाली केला की त्याच्या मागे पाणी तटते, पातळी चढते आणि कमी पाण्यात चारी भरते. टेलजवळच्या हायलाइन तळ्यावर पंप बसवला; वरून पाणी यायला वेळ लागेल तेव्हा तळ्यातले पाणी उचलून टेलच्या शेतकऱ्याला देता येते. दरवाजांचे नियंत्रण दूरवरून, संगणकावर. एकाही शेतकऱ्याचे पाणी कमी झाले नाही आणि उपसा मात्र घटला. वाचलेले पाणी वर ग्रीन माउंटन धरणात राहते. हे धरण ॲडम्स बोगद्याने नेलेल्या पाण्याची भरपाई म्हणून पश्चिमेच्या लोकांसाठी चाळीसच्या दशकात बांधलेले. शेतकऱ्यांची गरज भागून काही शिल्लक राहते असे दिसले की ते धरणातून सोडतात आणि ते पॅलिसेडच्या दरवाजांपुढून पात्रात जाते.

इथे पुन्हा कायदा आडवा आला. धरणातून सोडलेले पाणी वाटेत दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून त्याला कुणीतरी कायदेशीर घेणारा लागतो. तेव्हा ग्रँड जंक्शन, पॅलिसेड आणि फ्रुटा या गावांशी करार झाला आणि काही पाणी या नगरांच्या 'नदीवरील करमणुकी'साठी म्हणून कागदावर उतरले. होड्या चालतील, मासेही जगतील. नगरपालिकांनी आपले नाव माशांच्या कामी येऊ दिले, ही गोष्ट या विषयावरच्या लिखाणात क्वचितच येते. यायला हवी.

दुसरा वाटा शहरांनी थेट दिला. १९९९ च्या करारात पाणी वापरणाऱ्यांनी दर वर्षी १०,८२५ एकरफूट पाणी कायमचे माशांसाठी द्यायचे मान्य केले. निम्मे डोंगराच्या पूर्वेकडच्यांनी, निम्मे पश्चिमेकडच्यांनी. सुरुवातीला ते तात्पुरत्या सोयीने वेगळ्या धरणांतून येई. आता पूर्वेचा वाटा ग्रँबी जलाशयातून आणि पश्चिमेचा रुडी धरणातून सुटतो. टीएमसीत मोजले तर हे अर्ध्याहूनही कमी. डोंगरापलीकडे वीस टीएमसी आणि माशांना अर्धा टीएमसी, हे ऐकून राग येणे साहजिक आहे. पण अर्धा टीएमसी वर्षभर पसरला तर दिसणारही नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या नेमक्या आठवड्यांत, नेमक्या २४ किलोमीटरांत ओतला तर उथळ झोत आणि कोरडे गोटे यांच्यातला फरक तो करतो. समतोल म्हणजे मध्यावर रेघ ओढून पाणी वाटणे, अशी आपली समजूत असते. या नदीवर तसे वाटप कधी झालेच नाही. पाणी कधी आणि कुठून वाहावे एवढेच लोकांनी बदलले, आणि बरेच साधले.

उन्हाळ्यात दर आठवड्याला धरणे चालवणारे अभियंते, कालव्यांचे व्यवस्थापक, शहरांच्या पाणी खात्यांचे लोक आणि मत्स्यशास्त्रज्ञ फोनवर एकत्र येतात. पॅलिसेडच्या मापकावरचा आकडा, हवामानाचा अंदाज, धरणांतला साठा यांवरून या आठवड्यात कुठून किती सोडायचे ते ठरते. वसंतातल्या पुरासाठीही अशीच व्यवस्था आहे. ज्या वर्षी बर्फ बरे असते त्या वर्षी वरच्या धरणांचे चालक ऐन शिखराच्या काही दिवसांत येणारे पाणी साठवण्याऐवजी पुढे जाऊ देतात, सगळे एकाच वेळी, म्हणजे पॅलिसेडला पूर उंच चढतो आणि गोट्यांतला गाळ धुऊन निघतो. हे ऐच्छिक आहे. शहराचा साठा धोक्यात येईल असे वाटले तर चालक नाही म्हणू शकतो.

या पद्धतीचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र ग्रीन नदीवर आहे, त्याच फ्लेमिंग गॉर्जच्या खाली. रेझरबॅक सकरची जिरे पुरासोबत काठच्या पाणथळींत शिरली तरच जगतात. मुख्य प्रवाहात राहिली तर खाऊन टाकली जातात. पूर्वी धरणातून मोठा विसर्ग पुराच्या शिखराशी जुळवून सोडत. पण जिरे तोवर बाहेर आलेलीच नसत. पूर येऊन जाई, पाणथळी भरून ओसरत, आणि नंतर जिरे निघत. २०१२ पासून क्रम उलटवला. जीवशास्त्रज्ञ रात्री काठच्या संथ पाण्यात दिव्याचे सापळे लावतात. प्रकाशाकडे जिरे येतात. सकाळी सापळ्यात डोळ्यांचे दोन ठिपके असलेला, सेंटिमीटरभर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक जीव सापडला की धरणाला निरोप जातो आणि विसर्ग वाढतो. युटातल्या स्ट्युअर्ट लेक या पाणथळीचे दार उघडतात, दारावर जाळी असते. जिरे आत जातात, मोठे शिकारी मासे बाहेर राहतात. हिवाळ्याआधी पाणी काढून बोटुकली नदीत सोडतात. ज्या धरणासाठी नदीत विष ओतले गेले होते, त्याचे दरवाजे आता या जिऱ्यांच्या वेळेवर हलतात.

हिशेब मांडायचा तर कार्यक्रमाच्या छायेखाली वरच्या खोऱ्यातले अडीच हजारांच्या आसपास पाणी प्रकल्प कोर्टकज्ज्यांशिवाय चालू राहिले. बंधाऱ्यांवर माशांसाठी वाटा झाल्या, कालव्यांच्या तोंडाशी जाळ्या बसल्या. मत्स्यबीज केंद्रांतून आलेले रेझरबॅक हजारोंनी नदीत आहेत. २०२१ साली हम्पबॅक चब 'संकटग्रस्त'मधून एक पायरी खाली, 'धोक्यात' या वर्गात आला.

पाइकमिनोचे काय? कोलोरॅडोच्या मुख्य प्रवाहात त्याची प्रौढ संख्या आज काही शेकड्यांत आहे आणि ती घटत आली आहे. परवानग्यांच्या संख्येवरून या कार्यक्रमाला यशस्वी म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. परवानग्या हे साधन होते, मासा हे साध्य. घसरणीचे एक मोठे कारण बाहेरून आणलेले शिकारी मासे आहेत: स्मॉलमाउथ बास, नॉर्दर्न पाइक, वॉलआय. हौशी मासेमारीसाठी सोडलेले, काही जलाशयांतून निसटलेले. ते पाइकमिनोची पिल्ले खातात. दर वर्षी होड्या घेऊन विजेच्या सौम्य धक्क्याने त्यांना पकडून काढतात, पण एखादे दुष्काळी, उथळ, गरम पाण्याचे वर्ष आले की बास पुन्हा फोफावतो. म्हणजे पाण्याचा प्रश्न आणि परक्या माशांचा प्रश्न दोन वेगळे नाहीत. २०२१ पासून फ्लेमिंग गॉर्जमधून बासच्या विणीच्या काळात अचानक गार पाण्याची लाट सोडतात. घरटे राखणारा नर हुसकला जातो आणि अंडी वाहून जातात.

उगमाकडेही एक जुनी चूक दुरुस्त झाली. विंडी गॅपचा जलाशय थेट नदीच्या पात्रात होता. त्याच्या खाली गाळ साचला, दगडमाशीची एक मोठी जात आणि स्कल्पिन हा छोटा मासा नाहीसे झाले. २०२३ साली जलाशयाचा आकार कमी करून त्याला वळसा घालणारे नवे पात्र पूर्ण झाले आणि चार दशकांनी नदी तिथे सलग झाली. लव्हलँडजवळ ९०,००० एकरफुटांचे नवे चिमनी हॉलो धरण बांधण्याच्या तडजोडीतला तो भाग होता. नगरांना साठा मिळतो, नदीला वाट.

आता ग्रँड जंक्शनच्या परिसराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या युट वॉटर या संस्थेकडे बघावे लागते. तिने भविष्यातल्या लोकसंख्येसाठी रुडी धरणात १२,००० एकरफूट पाणी विकत घेऊन ठेवले आहे. ते आज लागत नाही, म्हणून २०१५ पासून अनेक वर्षी ते राज्याच्या जलसंधारण मंडळाला भाड्याने दिले गेले आणि मंडळाने ते पंधरा मैलांच्या पट्ट्यात सोडले. शहरांच्या कायमच्या वाट्यापेक्षाही हे पाणी जास्त आहे, आणि काही कोरड्या उन्हाळ्यांत नदीला त्याचा मोठा आधार झाला. भाडे ठरावीक मुदतीचे असते. शहर वाढते आहे, बर्फ घटते आहे, आणि युट वॉटरला आपले पाणी परत हवे होईल त्या वर्षी माशांच्या वाट्याचा हा अर्धा टीएमसी दुसऱ्या कुठल्या तरी धरणात शोधावा लागेल. रुडी, ग्रँबी आणि ग्रीन माउंटन या तिन्हींचा शोध आधीच घेऊन झालेला आहे.